उजवीकडे खचलेली सीट

रविवार, २० नोव्हेंबर १९६०

आज गाडी घरी आणली.

सात महिने ती ओरेनच्या अंगणात ताडपत्रीखाली पडून होती. ओरेन म्हणजे माझ्या नवऱ्याचा, व्हर्जिलचा, धाकटा भाऊ. गाडी दोघांनी मिळून बांधली, पण लोक तिला व्हर्जिलचीच म्हणायचे आणि ओरेनला त्याचं कधी काही वाटलं नाही. बत्तीस सालची फोर्ड. मडगार्ड काढून टाकलेले, छप्पर चार इंच कापून खाली बसवलेलं, पोटात दुसऱ्याच एका थोराड गाडीचं इंजिन. आठवडाभर रस्त्यावर फिरवायची आणि रविवारी जुन्या विमानतळाच्या धावपट्टीवर पाव मैलाच्या शर्यतीला लावायची. चोवीस एप्रिलला ती पट्टी सोडून कापसाच्या शेतात घुसली आणि पाटाच्या पाण्याच्या सिमेंटच्या खांबावर आदळली. व्हर्जिल जागीच गेला. एकोणचाळीस वर्षांचा होता.

"भंगारात दे आणि मोकळी हो," ओरेन म्हणाला.

"तूच नेऊन दे. माझ्या हातून व्हायचं नाही."

मग त्याने आपल्या ट्रकच्या मागे गाडीचं मोडकं तोंड उचलून बांधलं आणि सबंध रस्ताभर बैलगाडीच्या वेगाने आणली. त्याची आई, ओपल, स्वयंपाकघराच्या पायरीवर उभी राहून बघत होती. "चाललं का ते एकदाचं," एवढंच बोलली. गाडीला ती 'ते' म्हणते.

ही वही बियाण्याच्या दुकानात फुकट मिळालेली. मापं लिहायला काढली आहे. फेब्रुवारीत क्लबची शर्यत आहे. तोवर गाडी उभी करायची आणि एकदा, फक्त एकदा, मी ती पट्टीच्या शेवटापर्यंत सरळ न्यायची. का, ते पुढे कधीतरी लिहीन.

मंगळवार, २९ नोव्हेंबर

ओरेन दुपारी तीनला येतो. तेलाच्या विहिरींच्या पंपांवर त्याची रात्रपाळी असते, सकाळी सहाला सुटतो, मग दुपारपर्यंत झोप. आला की कामाला लागतो, बोलत नाही. पुढचा आस त्याने नवा मिळवला. स्टिअरिंगचा जुना दांडा बघितलासुद्धा नाही, फडक्यात गुंडाळून घेऊन गेला. "तो ठेव, नमुन्याला लागेल," मी म्हटलं. म्हणाला, "नमुना माझ्या डोक्यात आहे."

मापं: सीट रुंदी ४२ इंच. पाठ २० इंच.

रविवार, ४ डिसेंबर

धुकं सुरू झालं. आमचं धुकं वरून येत नाही, शेतातल्या ओल्या मातीतून उगवतं आणि आठ-आठ दिवस हलत नाही. आज भर दुपारी अंगणातून गॅरेजचं दार दिसत नव्हतं. भिंतीला हात लावत गेले.

सीट शिवायला घेतली. हा माझाच धंदा. गावातल्या निम्म्या हौशी गाड्यांना माझी शिलाई आहे. पण ही सीट मी तीनदा उसवली. पांढरं रेक्झिन, उभ्या फुगीर पट्ट्या, आत कापूस ठासून. जुनी सीट उजवीकडे बसली होती, कारण व्हर्जिलच्या डाव्या खुब्यावर तेलाचा पाइप पडला होता तेव्हापासून तो उजवीकडे कलून बसायचा. ही नवी मी मोजपट्टी लावून सपाट केली. दोन्ही बाजू सारख्या.

शनिवार, १० डिसेंबर

काल संध्याकाळी सीट बसवली. आज सकाळी बघते तर उजवी बाजू खचलेली.

कापूस कमी पडला असेल. ताजी सीट बसतेच थोडी. पण बसते ती कुणी बसल्यावर. मी बसले नव्हते आणि ओरेन तर गाडीत पाय घालत नाही. इंजिनपाशी वाकतो, खाली आडवा होतो, पण आत नाही. काल म्हटलं, जरा आत बसून क्लच दाब, तर म्हणाला, तूच दाब.

पट्ट्या उसवून कापूस पुन्हा ठासला.

सोमवार, १२ डिसेंबर

पुन्हा खचली. त्याच जागी.

बुधवार, १४ डिसेंबर

आता हे. गॅरेजच्या खिडकीच्या कट्ट्यावर वाकलेल्या पिना. चाकाला स्टिअरिंगचा दांडा जोडतात तिथल्या नटातून दुहेरी तारेची पिन घालून तिची टोकं वाकवतात, म्हणजे नट फिरत नाही. तशा पिना. परवा एक होती, काल दोन, आज तीन. ओळीने मांडलेल्या, टोकं एकाच दिशेला.

व्हर्जिल असंच करायचा. काढलेली पिन पुन्हा वापरायची नाही, टाकायचीही नाही, कट्ट्यावर मांडायची. "किती काढल्या ते दिसलं पाहिजे," म्हणायचा.

ओरेनला विचारलं. "मला काय माहीत," म्हणाला आणि पाना शोधायला लागला. पाना त्याच्या हातात होता.

रविवार, १८ डिसेंबर

चर्चला गेले नाही. धुक्यात कोण बघतंय.

गाडी पट्टीवर का न्यायची, ते आज लिहिते.

त्या रविवारी सकाळी मी व्हर्जिलला म्हटलं होतं की आज तू पट्टीवर गेलास तर परत येशील तेव्हा मी घरात नसेन. भांडण कशावरून होतं तेही आता नीट सांगता येणार नाही. दमले होते. प्रत्येक रविवारी पाव मैलासाठी जीव टांगणीला. तो म्हणाला, "मग जेवण झाकून जा." हसून म्हणाला की न हसता, ते मी सात महिने आठवते आहे.

गाडी सरळ चालली होती आणि अचानक वळली. शेरिफच्या माणसाने कागदावर लिहिलं की चालकाचा ताबा सुटला. चर्चमधल्या बायकांनी ते माझ्यासमोर कधी वेगळ्या शब्दांत म्हटलं नाही, पण मी आले की त्या गप्प होतात. व्हर्जिलचा ताबा सुटत नसे. म्हणजे एक तर गाडी वळली, नाही तर त्याने वळवली. मला कळायला हवं. तीच गाडी, तसाच जोडलेला प्रत्येक भाग, आणि मी आत. ती वळली नाही तर काय सिद्ध होईल, तेही नीट ठाऊक नाही. पण बसून राहवत नाही.

शुक्रवार, २३ डिसेंबर

इंजिन चालू झालं. पहिल्या झटक्याला खिडकीच्या काचा थरथरल्या, मिसेस बॉयेटच्या कोंबड्या पलीकडच्या अंगणात सैरावैरा. ओरेन हसला. एप्रिलनंतर पहिल्यांदा. मग त्याची नजर सीटकडे गेली आणि तो हात पुसायला बाहेर निघून गेला.

कट्ट्यावर बारा पिना.

रविवार, १ जानेवारी १९६१

नव्या वर्षाची शकुनाची चवळी खायला ओपलकडे. चवळी, डुकराचं खारं मांस, मक्याचा पाव. तिघंच. व्हर्जिलची खुर्ची कुणी हलवली नव्हती आणि कुणी बसलंही नाही.

ओपल म्हणाली, "लंगडतेस का गं?"

"शिवणाच्या यंत्राचं पायडल. डावा खुबा धरला आहे."

"पायडल उजव्या पायाने मारतेस तू."

खरंच उजव्याने मारते. मी म्हटलं, थंडीचं असेल. तिने चमचा खाली ठेवला आणि माझ्याकडे इतका वेळ बघितलं की माझी चवळी गार झाली. ओरेन ताटात बघत होता. त्याचे डोळे लाल, गाल बसलेले. रात्रपाळी करून हा झोपतो तरी कधी.

"ते विकून टाका," ओपल म्हणाली. "दोघांनाही खाईल."

"आई, लोखंड आहे ते," मी म्हटलं.

"लोखंड होतं, तेव्हा माझे दोन मुलगे होते."

गुरुवार, ५ जानेवारी

मागच्या गल्लीत मिसेस बॉयेट भेटल्या. "सकाळी तुला हात केला तर बघितलंसुद्धा नाहीस," म्हणाल्या. "नवऱ्याचं जाकीट घालून गाडीत बसली होतीस. एवढ्या थंडीत, पहाटे सहाला, पायात काही नाही. न्यूमोनिया होईल."

त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे आणि मध्ये धुकं. मी सातशिवाय उठत नाही. तसं म्हटलं नाही, अंडी घेतली आणि आले.

व्हर्जिलचं जाकीट आज ओलसर लागलं. मोरीजवळच्या खुंटीवर असतं, तिथे वाफ येत असेल.

मंगळवार, १० जानेवारी

गाडी रस्त्यावर काढली. नदीच्या पुलापर्यंत जाऊन परत. काय सांगू. मागची रुंद टायरं डांबर धरतात आणि पाठ सीटमध्ये रुतते, क्षणभर श्वास मागेच राहतो. पेट्रोल पंपावरचे म्हातारे उठून उभे राहिले. एकाने टोपी काढली. गाडीसाठी की व्हर्जिलसाठी, कळलं नाही.

स्टिअरिंग सरळ. हात सोडला तरी सरळ.

एकच. सगळा वेळ मी उजवीकडे कलून बसले होते. सीटच तशी झाली आहे, बसलं की घसरून तिथेच जातो माणूस. आता उसवत नाही. किती वेळा उसवायची. आणि खरं लिहायचं तर त्या खळग्यात बसलं की बरं वाटतं. मापाचा वाटतो. माझ्या मापाचा तो असायचं कारण नाही.

रविवार, २२ जानेवारी

क्लीटस हॅम्बी आला होता. धावपट्टीवरच्या शर्यती तोच चालवतो, निशाणही तोच दाखवतो. दारातच टोपी फिरवत उभा.

"विल्डा, बायकांसाठी वेगळी फेरी ठेवतो आम्ही जेवणानंतर. घरच्या गाड्यांची. त्यात ये ना."

"ही घरचीच गाडी आहे."

"तसं नव्हे. लोक काय म्हणतील? एक माणूस गेला तिथे. त्याची बायको, तीच गाडी."

"क्लीटस, तुझी स्वतःची सीट शिवताना मी कधी विचारलं का लोक काय म्हणतील? जांभळं रेक्झिन लावलंस तू."

तो हसला, मग पुन्हा टोपी फिरवायला लागला. शेवटी म्हणाला, सकाळी शर्यती सुरू व्हायच्या आधी तुला पट्टी मोकळी करून देतो, एकटीला, वेळ मोजून. पण ओरेनने गाडी तपासून सही केली पाहिजे.

ओरेन गाडीखाली होता. सगळं ऐकत होता. बराच वेळ बाहेर आला नाही.

सोमवार, ३० जानेवारी

कुलूप घातलं गॅरेजला. नवं, पितळी. किल्ली पलंगाशेजारच्या खिळ्याला. घराच्या दाराला आतून कडी. झोपण्याआधी दोन्ही हाताने तपासलं.

मंगळवार, ३१ जानेवारी

सकाळी घराचं दार सताड उघडं. गॅरेजचं कुलूप उघडं, किल्ली कुलपातच. सीट खचलेली. कट्ट्यावर आणखी एक पिन, अजून ओल्या तेलाची.

मी घाबरले नाही. आजवर घाबरत होते, आज नाही. सीटवर हात ठेवला तर ऊब होती. मी म्हटलं, "व्हर्जिल." मोठ्याने. पुन्हा म्हटलं. तो येतो, बसतो, पिना बदलतो, कुलूप उघडतो, घराची कडी काढतो, म्हणजे पलंगापर्यंतही येतो. मग माझ्याशी एक शब्द का नाही? जेवण झाकून जा म्हणालास ते हसून म्हणालास का, एवढंच सांग, असं मी त्या रिकाम्या गाडीला विचारत उभी राहिले. धुकं दारातून आत येत होतं.

तळपाय काळे झाले होते माझे. पायांत चपला न घालताच धावले असेन.

बुधवार, ८ फेब्रुवारी

ओरेन म्हणाला, "मी सही करणार नाही."

"का?"

"तू जाऊ नकोस म्हणून."

"गाडीत खोट आहे?"

"गाडीत काही खोट नाही. याहून नीट गाडी या खोऱ्यात नाही."

"मग सही कर."

त्याने केली. पेन कागदात इतकं रुतवलं की कागद फाटला.

सोमवार, १३ फेब्रुवारी

कालचं आज लिहिते. काल हात चालत नव्हता.

सकाळी आठला पट्टीवर पोचलो. धुकं असं की ट्रकच्या बोनेटपुढचं दिसेना. तीस-चाळीस गाड्या आल्या होत्या, पण दिसत एकही नव्हती, नुसते आवाज. कुणी इंजिन तापवतंय, कुणी खोकतंय, कॉफीची किटली कुठेतरी आपटते. क्लीटस आवाजाच्या दिशेने आला आणि म्हणाला, अकराशिवाय उठायचं नाही हे, बसा. मी गाडीत बसले. ओरेन माझ्या बाजूच्या दाराला टेकून उभा होता. धुक्यात त्याचा फक्त खांदा दिसत होता, चेहरा नाही. कदाचित म्हणूनच बोलू शकला.

"विल्डा, पिना मी बदलतो."

मी स्टिअरिंगवरचे हात काढले.

"पाळी सुटली की येतो. सहा-सव्वासहाला. जुनी काढून कट्ट्यावर मांडतो, नवी घालतो. रोज. गल्लीकडचं दार उघडंच असायचं, कुलूप लावलंस त्या दिवशीही उघडंच होतं."

"रोज कशाला?"

"कारण तू रोज विचारतेस."

मला वाटलं, माझी ऐकण्यात चूक झाली.

"मी येतो तेव्हा तू आत बसलेली असतेस," तो म्हणाला. "त्याचं जाकीट घालून, त्याच्यासारखी कलून. डोळे उघडे असतात. पहिल्या दिवशी नुसता गाडी बघून जायला आलो होतो. मला वाटलं, जागी आहेस, म्हणून हाक मारली. तू मान वळवली नाहीस. 'पिन बघितलीस का?' एवढंच म्हणालीस. आवाज तुझाच होता, पण म्हणायची पद्धत त्याची. नंतर रोज तेच. पिन बघितलीस का? मी हो म्हणतो आणि खाली जाऊन बदलतो. मी वर येईपर्यंत तू उठून घरात गेलेली असतेस. लंगडत."

"खोटं बोलतोस."

"ते एकदाच बोललो."

मग त्याने सांगितलं. आदल्या संध्याकाळी, म्हणजे तेवीस एप्रिलला, त्याने सांधा घट्ट करायला पिन काढली. पाळीची वेळ झाली म्हणून नट हाताने आवळून निघून गेला. सकाळी पाळीवरून तसाच थेट पट्टीवर आला. व्हर्जिल हेल्मेट चढवून बसला होता, निशाण पडायचं होतं. त्याने खिडकीतून विचारलं, पिन बघितलीस का? झोपेने डोळे मिटत होते, आठवेना घातली की नाही, आणि क्लीटसने निशाण वर केलं होतं.

"मी हो म्हणालो," ओरेन म्हणाला. "हे फक्त त्याला आणि मला माहीत होतं. तू तर घरी होतीस."

मला आधी काय वाटलं ते इथे लिहिते, कारण दुसरीकडे कुठे लिहिणार? मला हलकं वाटलं. त्याने गाडी वळवली नव्हती. माझ्यावर रागावून गेला नव्हता. ओरेन तिथे रडत होता आणि मला धुक्यात उठून पळावंसं वाटत होतं, आनंदाने. मग त्या आनंदाची लाज वाटली. आणि मग राग आला, इतका की दात वाजायला लागले.

मी खाली उतरले. ओल्या डांबरावर पाठीवर आडवी झाले आणि गाडीखाली गेले. विजेरी मागितली. पिन होती. नवीकोरी, टोकं नीट वाकवलेली. बोटाने ओढून बघितली.

"मी स्वतः बघितली आहे," बाहेर येऊन म्हटलं. "तुझ्या शब्दावर जात नाही."

"जाऊच नकोस," तो म्हणाला.

साडेअकराला धुकं उठलं, पण पूर्ण नाही. कमरेपर्यंत राहिलं. माणसं पाय नसल्यासारखी चालत होती. क्लीटसने निशाण पाडलं.

पहिला निम्मा भाग मला आठवत नाही, फक्त आवाज. मग पांढरा खांब धुक्याच्या वर डोकं काढून उभा दिसला. तिथे पेट्रोलवरचा पाय उचलायचा असं मी तीन महिने ठरवलं होतं. पाय उचलला गेला नाही. माझा पाय होता, मी सांगत होते, त्याने ऐकलं नाही. खांब डावीकडून आला आणि गेला. स्टिअरिंग सुतासारखं सरळ. बारा सेकंद आणि थोडे वर. क्लीटस म्हणाला, व्हर्जिलच्या सगळ्यात चांगल्या वेळेशी तंतोतंत जुळते, मापनयंत्र बिघडलं असेल, पुन्हा येतेस का? मी नाही म्हटलं.

परत येताना ओरेनशी बोलले नाही.

बुधवार, १५ फेब्रुवारी

तीन दिवस ओरेन आला नाही. मी रात्री पायाला दोरी बांधून दुसरं टोक पलंगाला बांधते. सकाळी दोरी सुटलेली असते. कापलेली नाही, गाठ सोडवलेली. नखं मोडली आहेत माझी.

म्हणजे मीच. जाकीट, तळपाय, कुलूप, सगळं. मिसेस बॉयेटना माझ्यापेक्षा बरं दिसत होतं. पण एक गोष्ट मला माझीच म्हणता येत नाही. तो प्रश्न मला कुणी सांगितला नव्हता.

ओपल आली होती. ओरेनने तिला सगळं सांगितलं म्हणे, गुडघ्यावर बसून. मी विचारलं, तुम्ही काय म्हणालात?

"काय म्हणणार? एक पुरला मी. दुसऱ्याला जेवायला वाढलं." मग दारात थांबून म्हणाली, "त्याने पंपावरची नोकरी सोडायचं ठरवलं आहे. लांब जातो म्हणतो, टेक्ससला, मामाकडे. तू काही बोल त्याच्याशी."

"माझ्याकडे बोलण्यासारखं काही नाही, आई."

"तुझ्याकडे नसेल," ती म्हणाली.

गुरुवार, १६ फेब्रुवारी

ओरेनकडे गेले. तो ट्रकमध्ये सामान भरत होता. मी म्हटलं, "उद्या सकाळी ये. नेहमीच्या वेळेला. आणि मी विचारलं की या वेळी खरं उत्तर दे."

त्याने दोर हातातून खाली टाकला. "तुला की त्याला?"

"मला काय माहीत. जो विचारेल त्याला."

"मला भीती वाटते, विल्डा."

"मलाही. मी तर तिथे असूनही नसणार."

शुक्रवार, १७ फेब्रुवारी

सातला जाग आली. पलंगावर होते. पाय काळे. स्वयंपाकघरात ओरेन टेबलाशी बसला होता, टोपी गुडघ्यावर. बाहेर ऊन पडलं होतं, अंगणाचं दार, कुंपण, मिसेस बॉयेटच्या कोंबड्या, सगळं दिसत होतं.

"झालं?" मी विचारलं.

त्याने मान डोलावली.

"तू विचारलंस. मी म्हटलं, नाही. आदल्या संध्याकाळी काढली आणि घालायची राहिली. तुला हो म्हणालो ते खोटं होतं."

"मग?"

"बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं, ऐकलं नाही. मग तू म्हणालीस, म्हणजे, तो म्हणाला, 'असं होय.' रागाने नाही. एखादा हरवलेला पाना कुठे होता ते कळावं ना, तसं. मग माझ्याकडे वळून बघितलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. म्हणाला, 'डोळे बघ कसे झालेत तुझे. जा, झोप जा.' आणि तू उतरून घरात गेलीस. सरळ चालत."

मी उठून उभी राहिले. डाव्या खुब्यावर भार दिला. दुखलं नाही.

तो डोळे पुसत होता. मी चुलीकडे तोंड करून तवा ठेवला, चरबी टाकली. कितीतरी वेळ विचारू की नको असं चाललं होतं. माझ्याच तोंडाने बोलला होता तो. माझा घसा, माझी जीभ.

"माझ्याबद्दल काही म्हणाला?"

मी वळून बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर ते सगळं दिसत होतं, एक शब्द किती सोपा आहे ते. हो म्हणाला असता तर मी विश्वास ठेवला असता, आणि त्यालाही ते ठाऊक होतं.

"नाही," तो म्हणाला.

मी अंडी त्याच्यापुढे ठेवली. खाल्ल्यावर त्याला आतल्या खोलीत झोपायला पाठवलं. संध्याकाळचे पाच वाजले, अजून उठलेला नाही.